अग्निशमन जवान गेला तर घरच्यांना काय मिळतं? आणि लाईट गेल्यावर घरात काय करायचं?

सुपा एमआयडीसीत आपल्या घरांतली बरीच मुलं कामाला आहेत. कुणी मशीनवर, कुणी गोदामात, कुणी सेक्युरिटीत, तर कुणी फायर-सेफ्टीचा कोर्स करून फायरमन म्हणून. काही जण नगर, पुणे, पिंपरी-चिंचवड किंवा मुंबईच्या अग्निशमन दलात जायची तयारी करतात. नोकरी लागली की मिठाई वाटतो, पण "उद्या काही झालंच तर घरच्यांनी कुठं जायचं?" हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो अपशकुनाचा वाटतो. प्रत्यक्षात ती घरच्यांबद्दलची जबाबदारी आहे.

हा लेख दोन भागांत आहे. पहिल्या भागात, कर्तव्यावर असताना मृत्यू झालेल्या अग्निशमन जवानाच्या कुटुंबाला कोणकोणती मदत मिळू शकते ते पाहू. दुसऱ्या भागात, लाईट गेल्यावर घरात, मशिदीत आणि दुकानात काय काळजी घ्यायची ते पाहू. हे दोन विषय वेगळे वाटतील, पण जवानाला ज्या आगीत शिरावं लागतं तिची सुरुवात बऱ्याचदा अंधारात लावलेल्या मेणबत्तीपासून, लोंबकळत्या वायरपासून किंवा बंद खोलीतल्या बॅटरीपासून होते. दोन्हीकडे तयारी आधी करावी लागते. नंतर फक्त धावपळ उरते.

ज्यांची आठवण ठेवायला हवी

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जण स्फोटांत गेले. त्यांच्या आठवणीत दरवर्षी 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

9 मे 2015 रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला आग लागली. तिच्यात मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले: प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई. राणे आणि देसाई घटनास्थळीच गेले. अमीन आणि नेसरीकर यांचा मृत्यू काही दिवसांनी रुग्णालयात झाला.

1 डिसेंबर 2019 रोजी पिंपरी-चिंचवड हद्दीत दापोडी इथं खड्ड्यात अडकलेल्या मजुराला काढताना अग्निशमन दलाचा एक जवान गेला. तिथं आग नव्हती, मातीचा ढिगारा होता.

आपल्याच जिल्ह्यात 23 मे 2024 रोजी अकोले तालुक्यातल्या सुगाव इथं प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले.

या घटनांतून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. कर्तव्यावरचा मृत्यू फक्त ज्वाळांतच होतो असं नाही. तो रुग्णालयात दहा-पंधरा दिवसांनी होऊ शकतो, खड्ड्यात होऊ शकतो, पाण्यातही होऊ शकतो. आणि सगळे जवान एकाच खात्याचे नसतात.

भाग 1: सरकारी मदत

आधी एकच प्रश्न: पगार कोण देत होतं?

महाराष्ट्रात बंबावरचे सगळे जवान थेट राज्य सरकारचे नोकर नाहीत. पगार देणारं कार्यालय बदललं की मदतीचे नियमही बदलतात.

• महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत: जवान त्या संस्थेचा कर्मचारी. अर्ज आयुक्त किंवा मुख्याधिकाऱ्यांकडे.
• एमआयडीसीचं अग्निशमन केंद्र: जवान महामंडळाचा कर्मचारी.
• कंपनीचा स्वतःचा फायरमन: मालक कंपनी.
• ठेकेदारामार्फत लागलेला फायरमन: मालक ठेकेदार, पण ज्या कंपनीसाठी किंवा संस्थेसाठी काम चालू होतं तीसुद्धा कायद्याने जबाबदार. ठेकेदाराने हात वर केले म्हणून दावा संपत नाही.
• केंद्र सरकारच्या आस्थापनांतला कर्मचारी: केंद्राचे नियम. कर्तव्य बजावताना अपघाती मृत्यू झाल्यास केंद्राच्या नागरी कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला 25 लाख रुपये सानुग्रह रकमेची तरतूद आहे.
• राज्य आपत्ती प्रतिसाद दल: हे जवान राज्य राखीव पोलीस दलातून येतात, म्हणून पोलीस खात्याचे नियम.

म्हणून "शेजारच्या गावच्या जवानाला एवढे मिळाले, आम्हाला का नाही?" असं म्हणण्याआधी दोघांचा मालक एकच होता का ते पाहा.

आणखी एक गोष्ट. बातमीत, बॅनरवर 'शहीद' लिहिलं जातं. आपल्या दीनमध्येही आगीत जळून जाणाऱ्याला आणि पाण्यात बुडून जाणाऱ्याला शहीदांत गणल्याच्या हदीस आहेत. तो मान आपल्या जागी मोठाच आहे. पण फाईल त्या शब्दावर हलत नाही. फाईलला लागतं ते लेखी वाक्य: "मृत्यू कर्तव्यावर असताना आणि कर्तव्यामुळे झाला." सगळी धडपड हे वाक्य कागदावर यावं यासाठी करायची.

कोणकोणती मदत मिळू शकते

1. नुकसानभरपाई. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात अग्निशमन दलातली नोकरी नावानिशी आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही भरपाईचं हेच तत्त्व पुढे आलं आहे. मृत्यूच्या प्रकरणात मासिक पगाराच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. हिशेबासाठी पगार जास्तीत जास्त 15,000 रुपये धरतात.

उदाहरण घेऊ. जवानाचं वय 35, पगार 15,000 पेक्षा जास्त. निम्मे झाले 7,500. वय 35 साठीचा आकडा 197.06. गुणाकार 14,77,950 रुपये. वय 30 असेल तर आकडा 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. वय 40 असेल तर 184.17, म्हणजे 13,81,275 रुपये. कंपनी "दोन लाख घ्या आणि इथं सही करा" म्हणाली, तर सही करण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा.

मृत्यूची भरपाई मालकाने भरपाई आयुक्तांकडे, म्हणजे व्यवहारात कामगार न्यायालयात जमा करायची असते. मालकाने परस्पर हातात दिलेली रक्कम कायदा भरपाई म्हणून धरत नाही. रक्कम देय झाल्यापासून एका महिन्यात भरली नाही तर व्याज लागतं, आणि विनाकारण उशीर केला तर दंडही होऊ शकतो. दाव्याची मुदत मृत्यूपासून दोन वर्षं.

2. ईएसआय. पगारातून ईएसआय कापला जात असेल (पगाराची मर्यादा 21,000 रुपये), तर वरच्या एकरकमी भरपाईऐवजी कुटुंबाला दरमहा आश्रित लाभ मिळतो. तो सरासरी रोजंदारीच्या 90 टक्क्यांच्या हिशेबाने पत्नी, मुलं अशा आश्रितांत वाटला जातो. दफनखर्चासाठी 15,000 रुपयांपर्यंत वेगळे मिळतात. एकाच मृत्यूसाठी ईएसआय आणि नुकसानभरपाई दोन्ही मिळत नाहीत.

3. पीएफचा विमा. पीएफ कापला जात असेल तर त्यासोबत ईडीएलआय नावाचा विमा आपोआप असतो. जास्तीत जास्त रक्कम 7 लाख रुपये. त्याशिवाय पीएफची शिल्लक आणि पत्नी-मुलांना पेन्शन. बऱ्याच घरांत शिल्लक काढली जाते आणि विम्याचा अर्ज राहून जातो. दोन्ही अर्ज एकत्रच द्या.

4. ग्रॅच्युइटी. एरवी पाच वर्षांच्या नोकरीची अट असते. मृत्यू झाला तर ती अट लागत नाही.

5. कुटुंब निवृत्तीवेतन. जुन्या पेन्शन योजनेतल्या कायम कर्मचाऱ्यांच्या कुटुंबाला ते मिळतं. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांच्या बाबतीत, सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तीवेतनाचा पर्याय राज्य सरकारने 2023 मध्ये दिला. जवान पालिकेचा किंवा महामंडळाचा असेल तर "हा निर्णय आमच्या संस्थेत लागू आहे का?" असं लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या.

6. अनुकंपा नोकरी. कायम कर्मचारी सेवेत असताना गेला तर पत्नी, मुलगा किंवा मुलगी यांपैकी एकाला गट क किंवा गट ड मध्ये नोकरी मागता येते. अर्ज मृत्यूनंतर एका वर्षाच्या आत द्या. मूल लहान असेल तर ते 18 वर्षांचं झाल्यावर एका वर्षात अर्ज करता येतो. मुलगी आहे म्हणून तिचं नाव मागे ठेवू नका. ती शिकलेली असेल तर घर सावरण्याची तीच पहिली संधी असू शकते.

7. बँकेतले छोटे विमे. वर्षाला 20 रुपये कापले जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यूला 2 लाख देते. 436 रुपयांची जीवन ज्योती योजना कोणत्याही मृत्यूला 2 लाख देते. पासबुकात ही कपात दिसते का पाहा. दावा शक्यतो 30 दिवसांत करा. रुपे कार्डावरही अपघात विमा असू शकतो, तो बँकेत विचारा.

8. तहसीलची मदत. कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल आणि कमावता माणूस 18 ते 59 वयाचा असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदा 20,000 रुपये मिळतात. सुप्यातल्या कुटुंबांनी अर्ज पारनेर तहसील कार्यालयात करायचा. वडील गेलेल्या मुलांसाठी बाल संगोपन योजना आहे. तिच्यात दरमहा 2,250 रुपये मिळतात. चौकशी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात.

9. जाहीर झालेली सानुग्रह मदत. मोठ्या दुर्घटनेनंतर मुख्यमंत्री किंवा पंतप्रधान रक्कम जाहीर करतात. 6 नोव्हेंबर 2021 रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातल्या आगीत 11 रुग्ण गेले, तेव्हा राज्याने वारसांना 5 लाख जाहीर केले. 18 मे 2025 रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत 8 जण गेले, तेव्हा पंतप्रधान निधीतून 2 लाख जाहीर झाले. ही रक्कम प्रत्येक घटनेगणिक ठरते. ती मिळाली म्हणून क्रमांक 1 ते 8 मधले हक्क संपत नाहीत.

आग पाहून मदतीला धावलेला गावातला तरुण गेला तर? तो कुणाचा नोकर नसतो, म्हणून मालकाकडून भरपाई नाही. पण बँकेचे विमे, तहसीलची मदत लागू होऊ शकते. शेतकरी कुटुंबातला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून 2 लाख मिळू शकतात. चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे.

पहिल्या 30 दिवसांत गोळा करायचे कागद

• पोलिसांचा एफआयआर किंवा अकस्मात मृत्यूची नोंद आणि पंचनामा
• पोस्टमार्टम अहवाल. मृत्यू उशिरा रुग्णालयात झाला असेल तर मृत्यूचं कारण त्याच घटनेतल्या जखमांशी जोडलेलं आहे ना, ते वाचून पाहा
• त्या दिवसाची ड्युटी नोंद, हजेरी आणि बंब रवाना झाल्याची नोंद
• अग्निशमन दलाचा घटनेचा अहवाल
• मृत्यूचा दाखला, किमान दहा प्रती
• शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं, नेमणुकीचं पत्र, पीएफ आणि ईएसआय क्रमांक
• पत्नीच्या एकटीच्या नावावरचं बँक खातं, आधार आणि चालू मोबाईल नंबर

दफनाची घाई समजण्यासारखी आहे. मय्यत लवकर उचलावी ही आपली शिकवण आहे. पण अपघाती मृत्यूत पोस्टमार्टम टाळू नका. तो कागद नसेल तर पुढचे बहुतेक दावे अडकतात. घरातल्या एका शहाण्या माणसाला फक्त या कामासाठी रुग्णालयात थांबवा.

आपल्या घरांत नेहमी अडणाऱ्या तीन गोष्टी

नावं. शाळेत दाखले पाहताना हे आम्हाला रोज दिसतं. शाळेच्या दाखल्यावर 'शेख रहीम अब्दुल', आधारवर 'अब्दुल रहीम शेख', बँकेत 'रहिम शेख', आणि निकाहनाम्यात उर्दूत चौथंच काही. पत्नीचं नाव कुठं माहेरचं, कुठं सासरचं. माणूस हयात असताना हे एका दिवसात दुरुस्त होतं. नंतर त्याला प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि महिने लागतात. निकाहनामा मराठी किंवा इंग्रजीत भाषांतर करून ठेवा आणि विवाहाची सरकारी नोंदणीही करा.

इद्दत. बेवा बाई चार महिने दहा दिवस इद्दतीत असते (गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत). सरकारी मुदती मात्र थांबत नाहीत. अर्ज घरी आणून तिची सही घेता येते. बाकी धावपळ भाऊ, दीर किंवा जमातीतले जबाबदार लोक करू शकतात. तिला स्वतः हजर राहणं भागच असेल तर गरजेपुरतं दिवसा बाहेर पडण्याची सवलत फुकहांनी सांगितली आहे. आपल्या इमाम साहेबांना किंवा मुफ्तींना विचारा. "इद्दत संपल्यावर बघू" म्हणून विम्याची मुदत घालवू नका.

नॉमिनी आणि वारसा. जवानाने लग्नाआधी नोकरी धरली असेल तर नॉमिनी म्हणून बहुधा आई किंवा भाऊ असतो. निकाहनंतर तो फॉर्म बदलायचा राहून जातो. तो आजच पाहा.

कोणता पैसा तरका आहे आणि कोणता नाही, यावरून घरात वाद होतात. थकलेला पगार, पीएफची शिल्लक ही मरहूमची कमाई. तिच्यात शरीअतप्रमाणे हिस्से: मुलं असतील तर पत्नीला आठवा, आईला सहावा, वडिलांना सहावा, आणि उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. कुटुंब निवृत्तीवेतन आणि सरकारने विशिष्ट व्यक्तीच्या नावाने दिलेली मदत ही त्या व्यक्तीची, असं अनेक उलमा सांगतात. नुकसानभरपाईचं वाटप आश्रितांमध्ये कामगार न्यायालय करतं आणि लहान मुलांचा हिस्सा त्यांच्या नावाने गुंतवायला लावू शकतं. तुमच्या घरचा तपशील घेऊन मुफ्ती साहेबांना आणि वकिलांना, दोघांनाही विचारा. बेवा आणि यतीम यांचा हिस्सा दिराने किंवा सासऱ्याने "सांभाळायला" ठेवून घेणं, यातून पुढे नाती तुटतात.

कार्यालयाने वारस प्रमाणपत्र मागितलं तर ते दिवाणी न्यायालयातून मिळतं. तलाठ्याकडची वारस नोंद जमिनीसाठी असते, ती इथं पुरत नाही.

भाग 2: लाईट गेली तर

2012 पर्यंतचं भारनियमन आपल्या पिढीला चांगलं आठवतं. तेव्हा वेळापत्रक ठरलेलं असायचं, म्हणून कंदील पुसून तयार असायचा. आता लाईट सहसा असते, त्यामुळे गेली की तयारी नसते. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, झाडाची फांदी तारेवर पडली, डीपी जळाली की सुप्यासारख्या गावात रात्र अंधारात जाते. मोठी शहरंही यातून सुटत नाहीत. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईत सकाळी वीज गेली आणि लोकल गाड्या जागेवर थांबल्या.

पहिली पाच मिनिटं

1. शेजारी लाईट आहे का पाहा. असेल तर बिघाड आपल्या घरात आहे. मेन स्विच आणि एमसीबी पाहा. खटका पुन्हा पुन्हा पडत असेल तर दाबून धरू नका, वायरमनला बोलवा.
2. फ्रीज, टीव्ही, मोटर, इस्त्री, कूलर बंद करा. लाईट परत येताना व्होल्टेज वरखाली होतं आणि चालू राहिलेली इस्त्री विसरली जाते. एक बल्ब चालू ठेवा म्हणजे लाईट आल्याचं कळेल. आल्यावर फ्रीज चार-पाच मिनिटांनी लावा.
3. महावितरणला कळवा: 1912, 1800-233-3435 किंवा 1800-212-3435. बिलावरचा 12 अंकी ग्राहक क्रमांक मोबाईलमध्ये आधीच लिहून ठेवा. तक्रार क्रमांक आणि वेळ नोंदवा.
4. तुटलेली तार दिसली तर किमान दहा मीटर दूर राहा, मुलं आणि जनावरं बाजूला घ्या. "लाईट गेलीय म्हणजे तार मेली" असं समजू नका. ती केव्हाही चालू होऊ शकते.
5. डीपीवर स्वतः चढू नका, गावातल्या कुणाला "फ्यूज टाक रे" म्हणून चढवू नका. कित्येक घरांतले तरुण याच कारणाने गेले आहेत.

उजेड कशाचा?

चार्जिंगचा दिवा किंवा बॅटरी सर्वांत बरी. मेणबत्ती लावावीच लागली तर पाणी घातलेल्या पसरट ताटलीत उभी करा. पडदा, मच्छरदाणी, गादी, मुलांची वह्या-पुस्तकं यांपासून ती दूर हवी. झोपताना घरात आग जळती ठेवू नका, ही शिकवण सहीह बुखारीत आली आहे. चौदाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आजच्या मेणबत्तीला, मच्छर अगरबत्तीला आणि चार्जिंगला लावून उशीखाली ठेवलेल्या मोबाईललाही लागू आहे.

अंधारात गॅसचा वास आला तर काडी ओढू नका, इन्व्हर्टरचा स्विचही दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर येऊन 1906 वर कळवा.

फ्रीज, कुर्बानीचं गोश्त, औषधं

न उघडलेला फ्रीज साधारण चार तास थंडी धरतो. पूर्ण भरलेला डीप फ्रीझर सुमारे 48 तास, अर्धा भरलेला 24 तास. आपल्याकडच्या उन्हाळ्यात यापेक्षा कमीच धरा. म्हणून बकरी ईदच्या दिवसांत लाईट गेली तर झाकण उघडून "बघू वितळलं का" करत बसू नका. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. गोश्त मऊ पडलं पण अजून थंडगार असेल तर लगेच शिजवा. कोमट झालं असेल, वास येत असेल तर टाकून द्या. आणि मुळात गरिबांचा आणि नातेवाइकांचा हिस्सा पहिल्याच दिवशी पोहोचवला तर फ्रीझरवर एवढा भार येत नाही.

वापरात असलेली इन्सुलिन थंड जागी साधारण चार आठवडे चालते, पण न उघडलेल्या बाटल्यांना फ्रीज लागतो. लाईट लांबली तर त्या प्लास्टिकच्या डब्यात घालून ओल्या मातीच्या भांड्यात, सावलीत ठेवा. आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. घरात ऑक्सिजन मशीनवरचा रुग्ण असेल तर भरलेला सिलिंडर हाताशी हवाच, आणि 108 चा नंबर भिंतीवर.

इन्व्हर्टर आणि जनरेटर

इन्व्हर्टरची बॅटरी हवेशीर जागी ठेवा, जिन्याखालच्या बंद कोनाड्यात नको. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू सुटतो. जवळ मेणबत्ती किंवा अगरबत्ती नको.

जनरेटर नेहमी बाहेर, खिडकीपासून दूर. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. बंद खोलीत पेटवलेली शेगडीही तितकीच घातक. आणि जनरेटर घराच्या वायरिंगला उलटा जोडू नका. ती वीज तारेत मागे जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेऊ शकते. तोही कुणाच्या घरचा कमावता माणूस आहे.

मशीद, मदरसा, दुकान

मशिदीत आणि मदरशाच्या वसतिगृहात बाहेर पडायच्या वाटेवर आपोआप लागणारा एक तरी दिवा हवा. रात्री दाराला बाहेरून कुलूप नको. दार आतून उघडता आलं पाहिजे. रमजानमध्ये सेहरीला लाईट गेली तर वुजूचं पाणी मोटरवर अवलंबून राहतं, म्हणून टाकी रात्रीच भरा. ईद-ए-मिलाद किंवा उरुसाच्या रोषणाईला आकडा टाकू नका. तो गुन्हा तर आहेच, शिवाय उघड्या सांध्यांवर आग लागते. तात्पुरता मीटर मिळतो.

लाईट आलीच नाही तर

ग्रामीण भागात जळालेली डीपी 48 तासांत बदलावी असा दंडक आहे. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर वीज कायदा 2003 प्रमाणे ग्राहकाला भरपाई मागता येते. तक्रार क्रमांक हाच पुरावा, म्हणून फोन एकदा तरी प्रत्येक घरातून जाऊ द्या. दाद न मिळाल्यास पुढची पायरी ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यापुढे विद्युत लोकपाल. मंचासमोर अर्जाला वकील लागत नाही.

आग लागलीच तर: जवानाला काय सांगायचं

101 किंवा 112 वर फोन करा. गाव, खूण, रस्ता किती रुंद आहे आणि काय जळतंय ते सांगा. बंब यायच्या आत मेन स्विच पाडा, जमत असेल तरच. चालू विजेच्या आगीवर पाणी टाकू नका. तेल पेटलं असेल तर गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवा.

बंब आल्यावर प्रमुख जवानाला चार गोष्टी सांगा:

• आत कुणी अडकलंय का, कोणत्या खोलीत
• सिलिंडर किती आणि कुठं
• वीज बंद केली आहे का, महावितरणला कळवलं का
• घरात इन्व्हर्टर किंवा छतावर सोलर आहे का. मेन स्विच पाडला तरी या दोन्हींच्या वायरींत वीज असू शकते, आणि बाहेरून आलेल्या जवानाला ते माहीत नसतं

रस्त्यात गाड्या लावू नका, व्हिडिओसाठी गर्दी करू नका. जवान वाट काढण्यात जी मिनिटं घालवतो ती आत अडकलेल्याची असतात.

या जुम्याला करण्यासारखं

जमातीने एक वही घालावी. गावातल्या प्रत्येक कमावत्या माणसाचा नॉमिनी कोण, बँकेचे दोन विमे चालू आहेत का, सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का, एवढे तीन प्रश्न. ज्यांचं उत्तर 'नाही' येईल त्यांच्यासाठी एका रविवारी मशिदीच्या ओट्यावर दोन शिकलेली मुलं बसवा, फॉर्म भरून घ्या. त्याच वहीच्या मागच्या पानावर 1912, 101, 112, 108, 1906 आणि जवळच्या अग्निशमन केंद्राचा नंबर लिहा, आणि तेच पान मशिदीच्या फलकावर लावा.

अल्लाह प्रत्येक घराचा कमावता माणूस सलामत ठेवो. आणि ज्या घरातला गेला, त्या घराची फाईल अपुरी राहू नये, हे काम आपलं आहे.